अलंकारांचा रविवारचा वर्ग: पैसे वसूल, नोट्स सोडून

बेळगावातल्या शहापुरात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, मानपत्रं, शोकसंदेश, निवृत्तीच्या समारंभातली भाषणं, सगळं होतं आमच्याकडं. गिऱ्हाईक येतं ते नावं आणि तारीख तेवढी घेऊन. मजकुराचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुम्हीच घाला की ताई, काय तरी भारी." हे 'काय तरी भारी' इतकी वर्षं मीच घालत आलेय. पण तेच तेच शब्द टाइप करून जीव विटला होता, म्हणून वडगावातल्या मराठी भाषेच्या अलंकारांच्या वर्गाला नाव घातलं.

वर्ग आठ रविवारांचा, सकाळी दहा ते बारा. फी १२०० रुपये, नोट्सचे १५० वेगळे. शिकवणाऱ्या बाई खानापूर भागातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. वर्गाला नाव नाही, पाटी नाही, पत्रक नाही. जाहिरात केलेली बाईंना खपत नाही, म्हणून मीही इथं नाव-पत्ता देत नाही. वडगावात दोन-चार दुकानांत विचारलंत तर माडीपर्यंत पोचाल.

ज्यांचं लिहिणं रोजचं आहे, मग ते फ्लेक्सवरचं असो की संमेलनात वाचायच्या कवितेचं, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. पोराचे दहावीचे मार्क वाढवायचे एवढाच हेतू असेल तर आधी पुढचं वाचा.

वर्गात निम्मी दहावीची पोरं. उरलेल्यांत कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत कविता वाचणारे दोघे, घराण्याचा इतिहास लिहायला घेतलेले एक निवृत्त बँकवाले काका, कन्नड माध्यमात शिकलेली पण घरात मराठी बोलणारी एक कॉलेजची मुलगी, आणि मी. इतक्या तऱ्हांची माणसं एका फळ्यासमोर बसवणं सोपं नव्हे. बाईंना ते प्रत्येक वेळी जमलंच असंही नाही.

सुरुवात मात्र झकास झाली. एका पोरानं हात वर करून घडाघडा म्हणून दाखवलं, "सारखा, सम, समान, परी, तुल्य दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. ट्यूशनला असंच सांगितलंय." बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: 'ह्या साडीसारखी दुसरी दाखवा.'

"सारखी आहे की नाही? मग झाली काय उपमा?"

पोरगं गप्प. मग बाईंनी सांगितलं, साडीची तुलना साडीशी केली तर ती खरेदी झाली, अलंकार नव्हे. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात, आणि त्यांच्यातलं साम्य सांगितल्यावर ऐकणाऱ्याला गंमत वाटायला लागते. लगेच दुसरं वाक्य: 'तुझी साडी पावसानंतरच्या भातशेतासारखी आहे.' साडी उपमेय, भातशेत उपमान, 'सारखी' हा साम्यवाचक शब्द. चौथा घटक साधारण धर्म, म्हणजे दोघींत सारखं काय आहे ते. तो वाक्यात लिहिलेलाच नाही. चारही घटक हजर असले की पूर्णोपमा, एखादा गायब असला की लुप्तोपमा. इथपर्यंत कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतं. पण बाईंनी विचारलं, "गायब केलेला धर्म वाचणारा कुठनं आणणार?" येळ्ळूर-धामण्याच्या शिवारातनं फिरलेला माणूस म्हणेल, हिरवीगार. आणि आठवड्याची धुणी बडवलेली बाई म्हणेल, चिखलानं भरलेली. म्हणून साधारण धर्म खुशाल गाळा, पण त्याचं एकच उत्तर निघत असेल तरच. हे कुठल्या गाइडात लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, आणि माझ्या धंद्यात हे रोज लागतं.

त्यानंतरच्या रविवारी गोकाकचा धबधबा आला. वर्णन लिहून आणायचं होतं. संमेलनवाल्या एका कवींनी 'दुधासारखा शुभ्र प्रपात' वाचला. बाईंनी विचारलं, गोकाकला कधी गेला होतात? म्हणाले, जुलैत. "मग जुलैत तुम्हाला दूध कुठं दिसलं?" खरंच आहे. पावसाळ्यात घटप्रभा तांबडी माती घेऊन येते, त्या दिवसांत गोकाकला कोसळतं ते पाणी चहाच्या रंगाचं असतं. दूध पुस्तकातनं आलं होतं, गोकाकहून नव्हे.

मग त्याच चहावर बाईंनी अर्थालंकारांची अर्धी यादी चढवली. पाणी चहासारखं तांबडं आहे, ही उपमा. वर कुणीतरी चहाचं आधणच उपडं केलंय जणू, ही उत्प्रेक्षा. घटप्रभेचा हा चहा कड्यावरून कोसळतो, हे रूपक. हे पाणी नव्हेच, चहा आहे, ही अपन्हुती. पाणी म्हणावं का चहा, काही कळेना, हा ससंदेह. मुंबईच्या पाव्हण्यानं ते बघून पिशवीतनं बिस्किटाचा पुडा बाहेर काढला, हा भ्रांतिमान. चहानं लाजावं असा त्या पाण्याचा रंग, हा व्यतिरेक. आणि गोकाकचं पाणी गोकाकच्या पाण्यासारखंच, हा अनन्वय. बिस्किटाच्या पुड्यावर दहावीची पोरं फुटली. भ्रांतिमान आणि ससंदेह यांतला फरक मात्र त्यांच्या डोक्यातनं आता जन्मात जायचा नाही: ससंदेहात माणूस अजून गोंधळलेलाच आहे, भ्रांतिमानात चुकीचं धरून कामालाही लागलाय.

मला त्यातलं कामाचं वाटलं ते वेगळंच. वस्तुस्थिती एकच, पाणी तांबडं आहे. बदलत जाते ती वाचणाऱ्याकडनं मागितलेली मान्यता. उपमेत पाणी पाणीच राहतं, चहा चहाच राहतो, दोघे शेजारी बसतात. उत्प्रेक्षेत 'जणू' म्हणून आपण जरा सरकून बसतो. रूपकात दोघे एक होतात, आणि अपन्हुतीत तर पाण्याला उठवूनच लावतो. वाचणाऱ्याला किती पचेल ते बघून पायरी निवडायची. पहिल्याच ओळीत अपन्हुती घातली तर माणूस बिचकतो. खाली उतरत गेल्यावर तीच चालून जाते.

अतिशयोक्तीचा तासही ह्याच धबधब्यावर. 'आभाळातून कोसळणारा' असं कुणीतरी लिहिलं होतं. बाईंनी त्यावर काट मारून '५२ मीटर' लिहिलं. गोकाकची उंची तेवढीच आहे. आकडा वाचून माणूस मनातल्या मनात मान वर करतो, आभाळ वाचून करत नाही, कारण आभाळातनं सगळंच कोसळतं. मग अतिशयोक्ती वापरायचीच नाही काय? वापरायची की. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं दमडीचं तेल बाईंनी पुन्हा उलगडून दाखवलं. दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होतं, मामंजींची दाढी होते, आणि शेवटी ओघळ असा जातो की त्यात उंट वाहून जातो. उंट पचतो, कारण त्याच्या आधीची न्हाणं आणि दाढी घरातली आहेत. थेट उंटापासनं सुरुवात केली असती तर कुणी ऐकलं नसतं.

इथंच नोट्सचं सांगून टाकते, कारण दीडशे रुपये माझ्या जिवाला लागलेत. चाळीसेक पानांचं झेरॉक्स, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, कुठंतरी दुसऱ्या मशीनवर उघडताना जोडाक्षरं फुटलेली. 'अपन्हुती' तीन पानांवर तीन तऱ्हेची. एका मथळ्यात तर 'उत्प्रेक्षा'ची 'उपेक्षा' झालीय. माझ्या दुकानातनं असला कागद बाहेर पडला असता तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकला असता. उदाहरणंही त्यात पुस्तकीच. वर्गातला चहा, साडी, बिस्किटाचा पुडा यांचा पत्ताच नाही. म्हणजे बाई जे चांगलं शिकवतात ते नोट्समध्ये नाही, आणि नोट्समध्ये आहे ते बाजारात कुठंही मिळतं.

आता माझ्या धंद्याचा विषय. आमच्याकडं जागा मोजून असते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हा नियम २०२४ पासून आहे, तेव्हा मराठीला जे उरतं त्यात दुकानाचं नाव, मालकाचा धंदा आणि फोन नंबर बसवून झाल्यावर एक ओळ राहिली तर नशीब. तिथं 'ज्याप्रमाणे... त्याप्रमाणे' वाला दृष्टान्त बसवायचा कुठं? मी हे वर्गात विचारलं. बाई हसल्या नाहीत, फळ्याकडं वळल्या. उपमेला निदान तीन शब्द लागतात, रूपकाला दोन पुरतात, श्लेषाला, म्हणजे एका शब्दात दोन अर्थ धरायला, एकच. जागा कमी तेवढा श्लेष बरा. श्लेष म्हटलं की सगळ्यांना 'औषध नल गे मजला' (एकदा 'औषध नको', एकदा 'नळराजाच औषध') आठवतं; ते आहेच झकास, पण ते फोडून सांगायला लागतं आणि पाटी फोडून सांगता येत नाही. पाटीवरचा श्लेष चालता चालता कळायला पाहिजे. मग आम्ही तिथंच बसून केले. चष्म्याच्या दुकानाला 'या, फरक दिसेल'. वजनकाटे विकणाऱ्याला 'आमच्या शब्दाला वजन आहे'. शिंप्याला 'आमचं सगळं मापात'. शेवटचं मी एका गिऱ्हाईकाला लगेच दिलंसुद्धा, आणि त्यानं ते पाटीवर न घालता बिलबुकावर घातलं.

रूपकांच्या तासाला तर माझ्या दुकानाचीच चिरफाड झाली. बाईंनी सगळ्यांना आपापल्या गल्लीतले फ्लेक्स वाचून यायला सांगितलं होतं. पोरांनी मोबाइलवर फोटो आणले, त्यातले दोन माझ्याच दुकानात छापलेले. 'आमच्या घराण्याचा आधारस्तंभ काळाच्या पडद्याआड गेला.' बाई म्हणाल्या, खांब चालत पडद्यामागं कसा जातो ते जरा डोळ्यासमोर आणा. 'आधारवड अनंतात विलीन.' वड विलीन होत नाही, उन्मळतो. आणि एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकच माणूस ढाण्या वाघ, कार्यसम्राट आणि गोरगरिबांचा आधारवड, म्हणजे जनावर, राजा आणि झाड, खाली हात जोडून उभे असलेले चाळीस फोटो. ही रूपकं इतकी घासलीत की त्यातलं झाड आता कुणाला दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच माणूस ती बेलाशक एकाला एक जोडतो. बाईंची कसोटी सरळ आहे: रूपक लिहिलंत की त्याचं चित्र काढून बघा. चित्र निघालं तर ठेवा, हसू आलं तर खोडा.

'झाले बहु, होतील बहु, आहेतही बहु, परंतु यासम हा' याचीही तीच गत. अनन्वयाचं अस्सल उदाहरण आहे ते, पण आमच्या भागात हेडमास्तरांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाच्या मानपत्रात तीच ओळ. सगळेच 'यासम हा' झाल्यावर अनन्वय राहिला कुठं?

मग घालायचं काय? ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बाईंनी स्वभावोक्ती शिकवली, आणि माझे बाराशे रुपये तिथं वसूल झाले. स्वभावोक्ती म्हणजे माणसाचं, जनावराचं, वस्तूचं जसं आहे तसं, पण नेमकं आणि हुबेहूब वर्णन. उपमान नाही, जणू नाही, काही नाही. परीक्षेत ह्याला मार्क कमी, म्हणून पोरं ती सोडून देतात. लिहिणाऱ्याला मात्र सगळ्यांत अवघड हीच, कारण तिच्यासाठी बघावं लागतं.

त्याच आठवड्यात दुकानात एक काम आलं. वडगावातले एक विणकर वारले होते, मुलगा दहाव्याच्या फ्लेक्ससाठी आला. मी नेहमीसारखं आधारवडाचं पान उघडलं नाही. त्याला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, आप्पा दिवसभर काय करायचे? तो बोलत गेला तसं मी लिहिलं: 'गल्लीत पहिला आवाज व्हायचा तो आप्पांच्या मागाचा. पहाटे पाचला सुरू झालेला माग पोरं शाळेला निघताना तेवढा थांबायचा, प्रत्येकाच्या डोक्यावरनं हात फिरवून झाला की पुन्हा सुरू.' मुलानं दोनदा वाचलं. "ताई, ह्यात आधारवड कुठाय?" म्हटलं, नको घालायला, घरी दाखवून ये. संध्याकाळी त्याचा फोन आला. आईनं वाचलं होतं आणि एकच दुरुस्ती सांगितली होती, "पाच नव्हं, चारला सुरू व्हायचा. चार लिवा." आधारवडाबद्दल कुणी काही बोललं नाही.

ह्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी हाच प्रयोग केला. 'रोज सकाळी सातला वॉर्डात पायी फिरणारे' असं लिहून दिलं. कार्यकर्त्यांनी वाचलं, एकमेकांकडं बघितलं, आणि म्हणाले, "ताई, आमचा वाघ कुठं गेला?" वाघ परत आला. पैसे वाघाचेच मिळतात. गिऱ्हाईकाला कसं पटवायचं हे काही बाई शिकवत नाहीत, तेव्हा ती अपेक्षा ठेवून जाऊ नका.

स्वभावोक्तीवरनं बाईंनी संस्कृत काव्यशास्त्रकारांचं एक जुनं भांडण सांगितलं, तेही ऐकण्यासारखं होतं. दंडीनं 'काव्यादर्श'मध्ये अर्थालंकार सांगायला घेतले ते स्वभावोक्तीपासूनच. तिला त्यानं पहिली अलंकृती म्हटलंय. भामहानं मात्र 'काहीजण हिला अलंकार म्हणतात' एवढ्यावर तिची बोळवण केली. आणि कुंतक तर तिला अलंकार मानायलाच तयार नाही. त्याचं म्हणणं, वस्तूचा स्वभाव हे काव्याचं शरीर. शरीरच दागिना म्हटलं तर दागिना घालायचा कुणाच्या अंगावर? स्वतःच्याच खांद्यावर कुणाला चढता येत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, मान्य. पण कुंतकाचं फ्लेक्सचं दुकान नव्हतं. मी दंडीच्या बाजूची.

दंडीचं नाव निघालं तशी ती कन्नड माध्यमाची मुलगी म्हणाली, आमच्या पुस्तकातही उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, श्लेष, दृष्टान्त, नावं हीच. फक्त तुमचा साधारण धर्म तो आमचा समानधर्म. बाईंना तेवढं निमित्त पुरलं. कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ 'कविराजमार्ग'. नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळचा. आणि तो कुठल्या देवाची किंवा राजाची कथा नाही, तर काव्य कसं लिहावं, अलंकार कसे वापरावेत, दोष कसे टाळावेत हे सांगणारा आहे, तोही बऱ्याच अंशी दंडीच्या वाटेनं. अस्सल कन्नड कुठं बोललं जातं हे सांगताना त्यात किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओक्कुंद अशी चार ठिकाणं दिलीत. त्यातलं ओक्कुंद आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं. त्याच ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं म्हटलंय. गोदावरीचं नाव निघताच बँकवाल्या काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वर्गात जरा शांतता पसरली, आणि बाईंनी हुशारीनं विषय अनुप्रासावर नेला. आमच्याकडं नद्यांची नावं जपून घ्यावी लागतात.

अनुप्रास लवकर उरकला, तेच बरं. एक अक्षर पुन्हा पुन्हा आणायचं, ते कुणालाही जमतं, आणि जमतं म्हणूनच जास्त होतं. यमकाचा तास मात्र रंगला, कारण उखाणे निघाले. मी माझ्या पत्रिकांच्या कामातला एक म्हणून दाखवला:

'कुंदा बेळगावचा, करदंट गोकाकचा,
... रावांचं नाव घेते, मान राखते लोकांचा.'

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, जेवायला छान आहे, पण हे यमक नव्हे, हा षष्ठीचा प्रत्यय आहे. चा, चा, चा. यमकात तीच अक्षरं परत यायला हवीत, पण वेगळ्या अर्थानं. प्रत्ययाला प्रत्यय भिडवला तर अर्थ तोच राहतो, कानाला नवं काही मिळत नाही. मग त्यांनी जुनी 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी' ही रुक्मिणीची ओळ फळ्यावर लिहिली. तिथं एकच 'नवरी' एकदा वधू होते आणि एकदा साफ नकार देते. यमक आणि श्लेष एकाच जागी. अशी ओळ सुचली तर उखाण्याऐवजी पाटीला ठेवा, म्हणाल्या.

अन्योक्तीला पाच मिनिटं, कारण 'लेकी बोले सुने लागे' हे वर्गातल्या बायकांना शिकवायला लागत नाही. चेतनगुणोक्तीला बरा वेळ दिला. 'निष्ठुर काळाने झडप घातली' हीसुद्धा चेतनगुणोक्तीच, पण काळानं इतक्या वेळा झडप घातलीय की तो आता दमला असेल, असं बाई म्हणाल्या. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवायचं तर तिला एकच साधं काम द्या. रागावणारं, रडणारं, नाचणारं असं सगळं एकदम नको.

व्याजस्तुतीची मात्र निराशा झाली. बाहेरून स्तुती, आतून निंदा, किंवा उलट. आजच्या लिहिण्यात सगळ्यांत जास्त लागणारा अलंकार. त्याला एक उदाहरण आणि एक व्याख्या, झालं. बाईंना उपरोध फारसा रुचत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरनंच कळतं. संमेलनवाल्या दुसऱ्या कवींनी गल्लीतल्या खड्ड्यांवर केलेली एक फक्कड व्याजस्तुती आणली होती, 'पावसाळ्यात दारात तळं दिल्याबद्दल आभार' अशा सुरुवातीची. बाईंनी ती वाचली, 'बरी आहे' म्हणाल्या आणि वही मिटली. तिच्यावर निदान अर्धा तास बोलता आलं असतं.

वह्या तपासण्याबद्दलही तक्रार आहे. सुरुवातीला बाई समासात बारीक अक्षरात लिहून द्यायच्या: 'उपमान कुठून आणलंत?', 'चित्र काढा', 'इथं आकडा घाला'. ते सोन्याचं होतं. पुढं पुढं नुसत्या बरोबरच्या खुणा यायला लागल्या, शेवटच्या वह्या तर वर्ग संपून गेला तरी परत आल्या नाहीत. दहावीच्या पोरांच्या सराव प्रश्नपत्रिका वाढल्या हे कारण. तीच अडचण वेळेचीही: दोन तासांतला अर्धा-पाऊण तास 'अलंकार ओळखा'त जातो. ती पोरं फी भरून येतात, त्यांचाही हक्क आहे, पण मग दोन तुकड्या कराव्यात. आणि पोरांच्या आई-बापांसाठी सांगायचं तर, मार्क कदाचित वाढतील, पण बाई पोराला 'सारखा म्हणजे उपमा' हे विसरायला लावतात. परीक्षेच्या आदल्या महिन्यात ते परवडेल का, तुमचं तुम्ही ठरवा.

जागेचं म्हणाल तर माडीवर पत्र्याचं छप्पर, एप्रिलात तापतं आणि पावसाळ्यात त्यावर पाऊस सुरू झाला की बाईंचा आवाज ऐकू येत नाही. पुढचा बाक धरावा. शेजारच्या घरातले माग रविवारीही चालू असतात. आठवड्याभरात सवय होते.

पाचात चार देते. एक गुण नोट्सचा आणि वह्यांचा कापला. पुढची तुकडी गणपती झाल्यावर सुरू होणार असं बाई म्हणाल्या आहेत, नावं आत्ताच घेतायत. नोट्सचे दीडशे रुपये मागितले तर सरळ नको म्हणा, त्या पैशांत दोनशे पानी दोन वह्या येतात. गाडी गल्लीच्या तोंडालाच लावा, आत सुताचा टेंपो आला की बारापर्यंत बाहेर काढता येत नाही. आणि आपल्या गल्लीतल्या एखाद्या फ्लेक्सचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, पहिल्याच रविवारी लागेल. माझ्या दुकानातला असला तरी चालेल.